बरी, बळजबरी आणि माझा शिक्का

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "भाषांतराच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. हलकंफुलकं." मी लगेच हो म्हटलं. त्यानंतर हा लेख लिहायला मी किती वेळा बसले आणि किती वेळा उठले ते विचारू नका. आज सकाळपासून तीनदा चहा टाकला, दोनदा खिडकीच्या काचा पुसल्या. माझा नवरा अशोक टपाल खात्यातून निवृत्त झालाय, त्याला सगळं वेळेवर पोचलेलं आवडतं. तो म्हणाला, "अगं, बस ना एका जागी. घर काय पळून चाललंय?"

पळून नाही, पण पाडायला निघालंय खरं. नायगावची आमची चाळ जाऊन तिथे टॉवर होणार आहे, आणि पोटमाळा रिकामा करायचाय. त्या पोटमाळ्यावर जे सापडलं त्यामुळेच मला बसवत नाहीये. पण आधी गमती सांगते, कबूल केलंय तर.

गिरगावात ठाकुरद्वारजवळ पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. एक टेबल, एक बाकडं, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि शिक्का. मराठी कागदाचं इंग्रजी करायचं, खाली 'हे मूळ मजकुराचं खरं आणि अचूक भाषांतर आहे' असं लिहून सही करायची आणि शिक्का मारायचा, हा माझा धंदा. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नाचे दाखले, मृत्युपत्रं. परदेशी जाणाऱ्या माणसाचं अख्खं आयुष्य माझ्या टेबलावरून जातं. कागदावर असेल ते सगळं भाषांतरात आलं पाहिजे. गोल शिक्का असेल तर 'गोल शिक्का', सही वाचता येत नसेल तर 'सही अवाचनीय', खाडाखोड असेल तर खाडाखोड. चहाचा डाग मात्र घ्यायचा नसतो, हे पहिल्या महिन्यात नाडकर्णी सरांनी मला शिकवलं होतं.

नाडकर्णी सर ही खोली माझ्याआधी चालवायचे. कोर्टातले जुने भाषांतरकार, स्वभावाने तिरसट. परळच्या चाळीतून आलेल्या, इंग्रजीत एमए झालेल्या एका बौद्ध मुलीला, म्हणजे मला, त्यांनी कामावर ठेवलं आणि पहिल्या दिवशी एक फूलस्केप वही दिली. डाव्या पानावर मूळ मराठी मजकूर स्वतःच्या हाताने जसाच्या तसा उतरवायचा, उजव्या पानावर कच्चं इंग्रजी करायचं, वर अनुक्रमांक घालायचा. "हाताने उतरवलंस की डोळा शब्द गाळत नाही," ते म्हणायचे. "आणि कागदापेक्षा शहाणी होऊ नकोस." कॉम्प्युटर आला, फोनमध्ये कॅमेरा आला, तरी मी वही सोडली नाही. लोक हसायचे. मी मनात म्हणायची, हसा. छत्तीस वर्षांत माझं एक भाषांतर परत आलेलं नाही.

म्हणजे, एकच आलं. माटुंग्याच्या एका मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'वर्तणूक: बरी.' मी त्याचं 'फेअर' केलं. परदेशातल्या कॉलेजाने विचारलं, या मुलीच्या वागण्यात नेमकी काय अडचण आहे? तिचे वडील माझ्या खोलीत येऊन गरजले, "मॅडम, माझ्या मुलीने असं केलंय तरी काय?" शेवटी मुख्याध्यापकांनी पत्र दिलं की आमच्या शाळेत 'बरी' म्हणजे चांगलीच, 'चांगली' आम्ही कुणालाच लिहीत नाही. त्याचंही भाषांतर मलाच करावं लागलं. तेव्हापासून त्या शब्दाशी माझं वाकडं आहे. भाजी बरी, माणूस बरा, आणि ताप उतरला की तोच माणूस बरा झाला. आपण एका शब्दात सगळं उरकतो आणि निवड करायची वेळ माझ्यावर येते.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून एक बाई यायच्या. मुलाकडे जायचं होतं, पण तीन कागदांवर तीन नावं. चंद्रा, चंद्रकला, चंदाबाई. मी म्हटलं, अशाने व्हिसा मिळत नाही. त्या म्हणाल्या, "तिन्ही पन मीच. तू लिव तसं, तुला काय जातंय?" मला काय जातंय, हा प्रश्न मला तेव्हा विनोदी वाटला होता.

आणखीही सांगितल्या असत्या. पण खोलीतलं बाकडं आठवतं आणि मी परत उठते. तेव्हा आता जे सांगायचं तेच सांगते.

यंदाच्या उन्हाळ्यात एक काम व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, उलट्या दिशेचं, इंग्रजीतून मराठी. मुलगा मुलावर किंवा मुलगी मुलीवर प्रेम करते म्हणून, किंवा आपण मुलगा नाही मुलगी आहोत असं कुणी म्हणतं म्हणून, त्याला औषधांनी, झटक्यांनी, प्रार्थनेने किंवा समुपदेशनाने 'सरळ' करायचा प्रयत्न होतो. इंग्रजीत त्याला कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. जगातल्या कुठल्या देशात त्याला बंदी आहे आणि कुठे नाही, याची छोटी पुस्तिका मराठी आईवडिलांसाठी करायची होती. खाली नाव होतं गौरी. मी काम घेतलं. खरं सांगायचं तर विषय बघून नाही, कायद्याची भाषा बघून घेतलं. कायदा भाषांतराला सोपा असतो, त्यात विशेषणं नसतात.

सोपा वाटला तरी बसू देईना. युरोपात माल्टाने आधी बंदी घातली. जर्मनीने अठरा वर्षांखालच्यांवर हे करायला मनाई केली, आणि मोठ्यांच्या बाबतीत संमती फसवून किंवा दडपणाने घेतली असेल तर तिथेही. वर जाहिरातीलाही चाप. कॅनडात तो फौजदारी गुन्हा आहे, आणि मुलाला यासाठी देशाबाहेर नेणं हासुद्धा गुन्हा. फ्रान्स आणि न्यूझीलंडनेही कायदे केले. ब्राझीलमध्ये संसदेने नव्हे, मानसशास्त्रज्ञांच्याच परिषदेने आपल्या लोकांना मनाई केली. ब्रिटनमध्ये एकामागून एक सरकारं कायदा करतो करतो म्हणत आहेत. अमेरिकेत एका राज्यात बंदी आणि शेजारच्या राज्यात नाही, आणि नुसतं बोलणं हा उपचार की भाषणस्वातंत्र्य यावर कोर्टात भांडण. बऱ्याच देशांच्या पुढे तर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आणि आपण? आपल्याकडे यासाठी स्वतंत्र कायदा नाही. दक्षिणेतल्या एका उच्च न्यायालयाने कान उपटले, मग डॉक्टरांचं नियमन करणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेने हे गैरवर्तन आहे असं राज्यांना कळवलं. म्हणजे डॉक्टरने केलं तर तक्रार होऊ शकते. भगताने, बाबाने, नुसती 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्याने केलं तर हा नियम त्याच्यापर्यंत पोचत नाही. मानसिक आरोग्याच्या कायद्यात मात्र एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचलं. समाजाच्या नीतिकल्पनांशी जुळत नाही, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

अडलं ते नावापाशी. कन्व्हर्जनला मराठीत काय म्हणायचं? धर्मांतर? माझे आजोबा धर्मांतरासाठी नागपूरला गेले होते आणि परत आल्यावर घरातले देव त्यांनी स्वतः बाहेर काढले. आमच्या घरात तो शब्द मान वर करून उच्चारतात. मी 'परिवर्तन उपचार' असं लिहून अशोकला वाचून दाखवलं. तो पेपर टाकून उठलाच.

"परिवर्तन? त्या घाणीला आपला शब्द देतेस?"

"मग तू सांग."

"मला काय माहीत? भाषांतरकार तू. पण हा नाय चालणार. आपण स्वतःहून बदललो, ते परिवर्तन. याला धरून बदलतायत."

'सुधार' घ्यावा तर समाजसुधारक आडवे आले. 'रूपांतर' म्हटलं तर गोष्टीतला बेडूक. मी गौरीला फोन केला, म्हटलं, नावावर गाडी अडलीय, एकदा समोरासमोर बोलू.

ती दुपारी आली. तिशीची, सुती कुर्ता, केस बारीक कापलेले. बाकड्याच्या एका टोकाला बसली, जिथे कुणी बसत नाही, कारण तिथे खिळा वर आलाय. बसताना तिने तो हाताने चुकवला.

"काकू, तुम्ही मला ओळखलं नाही," ती म्हणाली आणि पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. इंग्रजी कागद. खाली माझा शिक्का.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. लालबागचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते. मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा मस्कतला. तिकडच्या कागदपत्रांसाठी एजंटाने मुलीच्या आजारपणाचे कागद इंग्रजीत मागितले होते. दादरच्या एका खाजगी दवाखान्याचा मराठीतला दाखला होता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की सदर मुलीस दुसऱ्या मुलीविषयी असलेले अनैसर्गिक आकर्षण औषधे व विद्युत उपचारांनी घालवण्यात आले असून मुलगी आता पूर्ण बरी आहे व विवाहास योग्य आहे. ते गृहस्थ कावरेबावरे झाले होते. म्हणाले, "मॅडम, पोरीच्या जन्माचा प्रश्न आसा. तेवढा जरा सांभाळून घेवा." आणि झेरॉक्स काढायला खाली गेले.

मुलगी बाकड्यावर बसून होती. वडील गेल्यावर ती एवढंच बोलली, "काकू, जे लिहिलंय तेच लिहा हं."

मी मान डोलावली. वहीत डाव्या पानावर मराठी उतरवलं, उजव्या पानावर तंतोतंत इंग्रजी केलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि मला दया आली. एकोणीस-वीस वर्षांची पोर, हा कागद सासरी कुणी वाचला तर हिचं काय होईल? तेव्हा तर असल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं कलमही पुस्तकात होतं. मी उजव्या पानावर काट मारली. आकर्षणाच्या जागी 'नर्व्हस वीकनेस' लिहिलं, विद्युत उपचारांच्या जागी 'योग्य ते उपचार'. 'पूर्ण बरी'चं 'फुली क्युअर्ड' केलं, या खेपेस शब्द बरोबर पडला म्हणून खूशही झाले. टाइप केलं आणि शिक्का मारला. आपण मुलीवर उपकार केले असं समजून मी त्या दिवशी घरी गेले, हे लिहिताना मला आज माझीच किळस येते.

"मला वाटलं होतं, तो कागद वाचून ते लोक लग्न मोडतील," गौरी म्हणाली. "तेवढी एकच आशा होती. मला तर कुणी बोलूच देत नव्हतं. पण इंग्रजी कागदात काहीच नव्हतं. चार वर्षं काढली तिकडे."

ती हे ओरडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे पाणी पीत होती.

मग तिने पुढचं सांगितलं. नवऱ्याला सोडून ती परत आली, इथे नोकरीला लागली. यंदा तिच्या मावशीने आपल्या कॉलेजातल्या मुलीला त्याच दादरच्या डॉक्टरकडे नेलं. तोच डॉक्टर, तेच झटक्यांचं यंत्र. गौरीने डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार केली आणि हाताशी होता तो एकमेव पुरावा जोडला, माझं भाषांतर. डॉक्टरने उत्तर दिलं की मी या बाईंना नर्व्हस वीकनेससाठी योग्य ते उपचार दिले, त्यांचाच कागद बघा. आणि इतकी जुनी कागदपत्रं आम्ही ठेवत नाही. मूळ दाखला वडिलांनी लग्नानंतर फाडून टाकला होता.

"आमच्या वकीलबाई म्हणतात, नियम नंतर आला, त्यामुळे एकट्या माझ्या केसवर त्याला शिक्षा होणं कठीण. पण मूळ मजकूर मिळाला तर हा माणूस वर्षानुवर्षं हेच करतोय ते दिसेल, आणि बहिणीची केस उभी राहील. मावशी अजून नेते तिला, दर मंगळवारी. काकू, तुमच्याकडे मूळची झेरॉक्स असेल का?"

"नाही गं," मी म्हटलं. "पाच वर्षांनी आम्ही झेरॉक्स नष्ट करतो."

हे खरं होतं. वहीबद्दल तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी खोली झाडली. सकाळी झाडलेलीच. मंगळवार आला, गेला. पुढचा आला. मी दादरला फुलं आणायला म्हणून उतरले आणि त्या दवाखान्यासमोर जाऊन उभी राहिले. पाटी होती, बाहेर चपला होत्या. त्यात एक लाल पट्ट्याची सँडल होती, कॉलेजच्या मुली घालतात तशी. कुणाची होती कोण जाणे. मी फुलं न घेता परत आले. वही दाखवायची म्हणजे मी सही करून खोटं लिहिलं हे मीच सांगायचं. दोन वकिलातींच्या यादीत माझं नाव आहे. परळच्या चाळीतल्या मुलीने ते कसं मिळवलं ते माझं मला ठाऊक. गिरगावात लोक मला विचारून स्पेलिंग लिहितात. ते सगळं एका काट मारलेल्या पानापायी घालवायचं? मी स्वतःला समजावलं की वही पोटमाळ्यावर असेलच असं नाही. वाळवी लागली असेल.

एका रविवारी दुपारी अशोक पोटमाळ्यावरून खाली ओरडला, "अगं, ह्या वह्यांचा ढीग काढू का? रद्दीवाला खाली उभा आहे."

नुसतं 'काढ' म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

"थांब," मी म्हटलं आणि शिडी चढले. माझ्या गुडघ्यांना शिडी मना आहे.

अनुक्रमांकावरून वही सापडली. वाळवी लागली नव्हती. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं. मी अशोकला सगळं सांगितलं. ते पान वाचून तो म्हणाला, "हे पोचवायला उशीर झाला. पण पत्ता तर माहीत आहे ना?"

परिषदेच्या सुनावणीला लांब टेबलापलीकडे तीन डॉक्टर बसले होते. मी प्रतिज्ञापत्र दिलं, वही ठेवली. डॉक्टरचे वकील तरुण होते, चुणचुणीत.

"मॅडम, इंग्रजी कागदावर 'खरं आणि अचूक' असं तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"आणि आज म्हणता ते खरं नाही. म्हणजे खोटं तेव्हा बोललात की आज बोलताय?"

"तेव्हा."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"वडील म्हणाले होते सांभाळून घ्या. पण हात माझा होता. मुलगी म्हणाली होती, जे लिहिलंय तेच लिहा. तिचं मी ऐकलं नाही."

मधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "डावं पान वाचून दाखवा." मी वाचलं. 'विद्युत उपचारांनी' या शब्दाशी मी अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एक शब्द न गाळता. समोर दादरचा तो डॉक्टर बसला होता. चष्मा पुसत होता. मला वाटलं होतं राक्षसासारखा दिसेल. आमच्या चाळीत सत्यनारायणाला यावा असा साधा माणूस निघाला.

निकाल अजून लागायचाय. कदाचित हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हाही लागलेला नसेल. दोन्ही वकिलातींना मी स्वतःच पत्र लिहून कळवलं. एकीने माझं नाव काढलं, दुसरीचं उत्तर आलेलं नाही. व्हिसाचे एजंट जिना चढेनासे झालेत. त्याचं दुःख होतं, होत नाही असं कशाला म्हणू? पण झोप जाते ती दुसऱ्याच कारणाने. पोटमाळ्यावरच्या सगळ्या वह्या मी खोलीत आणल्यात आणि उजव्या पानांवर कुठे काट मारलीय ते शोधतेय. दयेपोटी आणखी कुठे कुठे शहाणपणा केला ते बघतेय. 'नवऱ्याने टाकलेली'चं 'स्वतंत्र राहणारी' केलेलं एक सापडलं. अजून बऱ्याच वह्या उघडायच्यात. म्हणून म्हटलं, बसवत नाही.

पुस्तिका मात्र छापून आली. नावासाठी शेवटी मी कुठलाच मोठा शब्द घेतला नाही, 'बरं करण्याची बळजबरी' असं साधं लिहिलं. टाइप करताना 'बळजबरी' हा शब्द ओळीच्या शेवटी तुटला आणि पुढच्या ओळीवर नुसतं 'बरी' आलं. छत्तीस वर्षं मी या शब्दाशी भांडतेय आणि तो तिथे दडलाय हे मला कधी दिसलं नव्हतं. गौरीच्या मावशीने ती पुस्तिका स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली म्हणे. पुढचे दोन मंगळवार मुलगी घरीच होती.

त्या दिवशी सुनावणीनंतर आम्ही दोघी जिन्याने खाली उतरलो. माफी मी वर सगळ्यांसमोर मागितली होती, तिने नुसती मान हलवली होती. फाटकापाशी ती वळली तेव्हा, आपण रोज कुणालाही विचारतो तसं, माझ्या तोंडून निघून गेलं, "बरी आहेस ना गं?"

जीभ चावली मी. पण ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"बरी कशी असेन काकू? मी आजारीच नव्हते."